घरात एकच भाषा बोला म्हणे

गेल्या रविवारी सकाळी आमच्या सोलापूरच्या घरात एकच शब्द उच्चारला गेला, आणि तो तिघांनी तीन प्रकारे ऐकला... माझं डोकं अजून जागेवर नाही.

माझी मुलगी आन्वी अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. ऐकू नीट येतं, सांगितलेलं कळतं, पण तोंडातून शब्द नाही. शेवटी सात रस्त्याजवळच्या एका स्पीच थेरपिस्टकडे गेलो. त्यांनी विचारलं, घरी कुठली भाषा बोलता?

नवरा आणि सासूबाई आपसात कानडी बोलतात. मी माळशिरसची, माझी मराठी. त्यात नवऱ्याचं वर्क फ्रॉम होम, म्हणजे दिवसभर इंग्रजी कॉल. मूल गोंधळतंय, घरात एकच भाषा ठेवा, असं मॅडम म्हणाल्या. कुठली ते तुम्ही ठरवा...

नवरा म्हणाला, शाळा इंग्लिशच असणार, तर इंग्लिशच धरू. मला पटलं, म्हणजे... मी मान डोलावली.

सासूबाई अक्कलकोटकडच्या. त्यांना सांगितलं तेव्हा रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला इंग्लिश कुटं येतंय? मी गप बसते की."

आणि खरंच गप बसल्या. नातीला भरवायच्या, तिच्या वेण्या घालायच्या, पण ओठ मिटलेले. मी "वॉटर", "कॅट" करत घरभर फिरत होते, आणि त्यांचा आवाज फक्त बहिणीशी फोनवर बोलताना यायचा, तोही गच्चीवरून.

रविवारी त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या. आन्वी जवळ गेली, त्यांचा पदर ओढला आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "बा."

नवरा ताडकन उठला, त्याला वाटलं 'बाबा' म्हणतेय. मला वाटलं बॉल. मी धावत जाऊन बॉल आणला, तिनं तो ढकलून दिला. पुन्हा, "बा."

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि उठल्या. आन्वीनं त्यांचं बोट धरून त्यांना अंगणात ओढत नेलं. तिथं जास्वंदीखाली मांजर झोपली होती, ती दाखवायची होती तिला...

कानडीत 'बा' म्हणजे 'ये'. पण जायचं तर बाहेर होतं, म्हणजे मराठीतल्या 'बाहेर'मधलाही असेल तो 'बा'. कोण सांगणार?

सासूबाई मांजरीकडे बघत उभ्या होत्या. डोळे भरलेले, तोंड मात्र बंद. अजूनही आमचा नियम पाळत होत्या. नवरा दारात आला आणि म्हणाला, "नी माताड, अव्वा." तू बोल, आई... एवढं कानडी मलाही येतं.

मग त्या बोलत सुटल्या. नातीशी, मांजरीशी, कुणाकुणाशी. मला निम्मं कळलं नाही. आणि मी मागं उभी राहून म्हणत होते, "लई गुणाची हाय माझी बाय!" पुण्याला कॉलेजात गेल्यापासून मी असं बोलले नव्हते. ते कुठून आलं, माहीत नाही...

थेरपिस्ट मॅडमना फोन करून सांगितलं, पहिला शब्द आला. त्यांनी साहजिकच विचारलं, कुठल्या भाषेत? मी म्हटलं, तेच तर ठरत नाहीये. एक ओळखीचे डॉक्टर तर म्हणतात, चार भाषा कानावर पडल्यानं मुलाचं काही बिघडत नाही. कुणाचं खरं धरायचं?

इंग्लिशचा नियम तूर्त बाजूला ठेवलाय. बरोबर केलं की चूक, खरंच कळत नाही. आन्वी आता दिवसभर सगळ्यांना "बा" म्हणत फिरते, आणि ज्याला वाटतं आपल्यालाच म्हणाली, तो हातातलं टाकून तिच्यामागं जातो. सध्या त्यातच आनंद आहे.