मंडळ बंद करण्याचा सत्यनारायण

आमच्या अण्णांनी आपलं वधू-वर सूचक मंडळ बंद करायचं ठरवलं, आणि त्याचं एकमेव कारण मी होतो.

अण्णा रिटायर झाले आणि आम्ही दादरची खोली विकून विरार पूर्वेला, चंदनसारला आलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. हॉलमधल्या सोफ्यावर बसल्या बसल्या अण्णांनी निम्म्या विरारची लग्नं जुळवली. कुणाचं टक्कल, कुणाचा मंगळ, कुणाची तिरसट आई, सगळं त्यांनी पार पाडलं. पार पडलं नाही ते फक्त माझं! गिऱ्हाईक आलं की मी चहा घेऊन बाहेर यायचो आणि हमखास प्रश्न यायचा.

"हे कोण?"

"आमचे चिरंजीव."

"यांचं झालं का?"

"बघतोय," अण्णा म्हणायचे. समोरचा माणूस अर्धा चहा टाकून उठायचा. शेजारच्या सावंतकाकू तर जिन्यात मला गाठून म्हणायच्या, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" पुढचं 'कोरडे पाषाण' त्या नुसत्या नजरेनेच म्हणायच्या.

खरं तर माझ्यात काही खोट नव्हती. नोकरी होती, फ्लॅट होता, डोक्यावर केस होते. खोट होती ती नळात! तेव्हा आमच्याकडे मुलीकडची माणसं पगाराच्या आधी पाण्याचं विचारायची, आणि अण्णा ठोकून द्यायचे, "चोवीस तास!" एकदा तर पुरावा म्हणून त्यांनी मुलीच्या मामांना आग्रहाने बेसिनवर हात धुवायला पाठवलं. मामांनी छान कोपरापर्यंत साबण लावला आणि टाकी संपली. फेसासकट मामा तीन जिने उतरून गेले. त्यांच्यामागून स्थळही गेलं.

त्या संध्याकाळी अण्णांनी जाहीर केलं, "मंडळ बंद! घरचाच माल खपत नाही, बाहेरचा काय खपवू?"

"अण्णा, माल?"

"मग काय म्हणू? नग?"

गॅलरीतली पाटी उतरली. लोकांच्या पत्रिका, फोटो परत द्यायला सुरुवात झाली. (एका गृहस्थांना स्वतःचाच फोटो ओळखता येईना. नाव नोंदवलं तेव्हा त्यांना केस होते!) मग अण्णांच्या डोक्यात आलं, "सत्यनारायणाने सुरू केलं, सत्यनारायणानेच संपवू. सगळ्यांना बोलावू, तीर्थप्रसाद देऊ आणि मानाने रामराम करू."

मी निमंत्रणात लिहिलं, 'मंडळ बंद होत असल्याने'. आई किंचाळलीच. "शुभ बोल रे नाऱ्या! देवाच्या कार्यात 'बंद' लिहितात होय?" ते वाक्य गेलं. उरलं एवढंच की आमचे येथे श्रीसत्यनारायणाची पूजा आहे, सहकुटुंब यावे.

आता तुम्हीच सांगा, घरात घोडनवरा असताना एकाएकी सत्यनारायण निघाला, तर लोक काय समजतील? सगळ्यांनी तेच समजून घेतलं. श्रीने (म्हणजे मी) लग्न उरकलं, गुपचूप!

पूजेच्या आदल्या दिवशी सांडोरहून वासंतीचा फोन आला. ही मंडळाची जुनी गिऱ्हाईक. वडिलांची केळीची वाडी तीच बघायची, आणि येणारं प्रत्येक स्थळ तिला वाडी सोडून मुंबईला चल म्हणायचं. ती वैतागली होती.

"काका, माझं नाव काढून टाका. मला लग्नच नाही करायचं."

"काढतो हो," अण्णा म्हणाले. "उद्या फोटो न्यायला येशील ना, तेव्हा पूजेला केळीचे चार खांब घेऊन ये."

(लाज अण्णा दादरलाच विसरून आले होते.)

ती बिचारी खांब घेऊन आली. आईने आम्हा दोघांना ते चौरंगाला बांधायला बसवलं. सुतळीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. आणि नेमका तेव्हाच पाहुण्यांचा पहिला लोंढा दारात!

"अय्या, वहिनी किती गोड आहे!"

"मी वहिनी नाही," वासंती म्हणाली.

"लाजतेय हो!"

तिच्या हातात आहेराची पाकिटं पडू लागली. ती परत करायची, लोक पुन्हा कोंबायचे. कुणी स्टीलची मोठी कळशी दिली (आमच्या घरात! कळशी!). सावंतकाकूंनी तर तांदूळ-नारळ आणून सरळ तिची ओटी भरली. मी ओरडून सांगत होतो, "अहो, तसं काही नाही, आम्ही मंडळ बंद करतोय!"

"करणारच," काकू म्हणाल्या. "घरचं जमलं, आता मंडळ हवंय कशाला?"

वासंतीने माझ्याकडे असं बघितलं की तो खांब माझ्या डोक्यात बसणार, याची मला खात्री पटली.

पूजा झाली, आरती झाली, प्रसाद वाटला. आईचा शिरा म्हणजे तूप नुसतं ओघळतंय. सगळ्यांनी हात चाटले, मग धुवायला बेसिनवर रांग लागली, आणि नळ म्हणाला, फुस्स! सकाळी येणारा टँकर आलाच नव्हता. घरात ओलं असं फक्त तीर्थ उरलं होतं, आणि पळीपळीने ते किती हातांना पुरणार? त्यात कुणाचं तरी पोर केकाटलं, "आई, मला शी!"

अण्णा कोपऱ्यात मटकन बसले. निदान शेवटचा दिवस मानाने पार पडावा, एवढंच त्यांना हवं होतं. मला त्यांची खरोखर कीव आली.

तेवढ्यात तुपकट हात वर धरून वासंती माझ्यासमोर उभी राहिली आणि भर सभेत तिने विचारलं, "तुमच्याकडे पाणी येतं तरी कधी?"

अण्णा डोळ्यांनी खुणावत होते, चोवीस तास म्हण, चोवीस तास!

"खरं सांगू?" मी म्हणालो. "टँकरवाल्याच्या मनात येईल तेव्हा. तोवर मी खालून बादल्या चढवतो."

ती हसली. सकाळपासून पहिल्यांदाच! मग तुपकट बोटानेच तिने फोन फिरवला. "बाबा, टेम्पोत पिंपं भरून आणा विहिरीची. हो, विरारला. हसू नका."

रेल्वेच्या फाटकात अडकत अडकत टेम्पो आला. तिचे बाबा जिना चढून दारात आले, तर लोकांनी एकच गलका केला, "व्याही आले! व्याही आले!" एकाने त्यांच्या हातात नारळही दिला.

"कोनाचा व्याही?" ते भांबावले. "मी पानी आनलंय!"

कुणी ऐकेल तर शपथ. मी बादल्या घेऊन खाली धावलो. वर, खाली, वर, खाली. ते नारळ धरून जिन्यात उभे राहिले आणि मला निरखत राहिले. शेवटी लेकीला म्हणाले, "पोरगा पानी बरा चढवतो गं. वाडीला कामाचा हाय."

"मी वाडी सोडणार नाही," वासंती माझ्याकडे बघून म्हणाली.

"विहिरीला पाणी किती असतं?" मी धापा टाकत विचारलं.

"बारमाही."

"मग मीच येतो!"

आमच्या लग्नाच्या मांडवात आहेर घेतला गेला नाही, कारण तो आधीच सगळ्यांचा देऊन झाला होता. मंडळाचं म्हणाल, तर ते काही बंद झालं नाही. पाटी गॅलरीत पुन्हा लागली आणि गिऱ्हाइकांची रीघ लागली. दर रविवारी मी सांडोरहून पाण्याचे कॅन घेऊन आईकडे जातो. सोफ्यावर कुणीतरी उतरल्या तोंडाने बसलेलं असतं. मी आत आलो की अण्णा माझ्याकडे बोट दाखवतात आणि त्यांना धीर देतात, "हे बघा, हे आमचे चिरंजीव. अहो, याचं जमलं! तुमच्या मुलाचं काय घेऊन बसलात?"