दोर वळणाऱ्याचं नाव

स्पेनमधल्या एका खेडेगावातल्या संग्रहालयात मी माझ्या चुलत भावाला एक वाक्य खोटं सांगितलं. हे मी आजवर घरात कोणालाच बोललेलो नाही, बायकोलाही नाही. तिला एवढंच दिसतं की तिकडून आल्यापासून मी वाडीवर जायचं टाळतो. गुडघ्यांचं कारण देतो. गुडघे ठीक आहेत.

भाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. बारवी धरणाच्या अंगाला आमची वाडी, तिथे तो भातशेती करतो. माझे वडील तरुणपणीच वाडी सोडून अंबरनाथला कारखान्यात लागले, म्हणून मी शिकलो आणि आनंदनगरला एका कंपनीत क्वालिटीचा ऑफिसर झालो. त्याचे वडील राहिले, म्हणून तो राहिला. लहानपणी मे महिन्यात मी वाडीवर जायचो तेव्हा जांभळीवर तो चढायचा आणि मी खाली शर्ट पसरून उभा राहायचो. मोठेपणी ते उलटं झालं, असं मी धरून चाललो होतो. त्याच्या मुलाला डिप्लोमाला मी घातलं. अर्ज मी भरले. शेतीत काय ठेवलंय, हे त्याच्या डोक्यात भरवणाराही मीच. तो मुलगा आज स्पेनमध्ये, पोर्तुगालच्या सीमेकडच्या भागात, टोमॅटोची पेस्ट बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे.

त्याने बापाला बोलावलं. बापाला इंग्रजी येत नाही, विमान कधी पाहिलेलं नाही, म्हणून मला बोलावलं. म्हणजे मी सोबत म्हणून गेलो. एवढं साधं वाक्य, पण लिहायला वेळ लागला.

बॅगा घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो. ज्या सिंधी शेठकडे मी वीस वर्षं जातोय, त्याने भावाला आधी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मग मला विचारलं, "साहब, आप भी जा रहे हो?"

माझ्या आधी भावानेच उत्तर दिलं. "दादा बोलायला येतो शेठ. मी बघायला जातो."

शेठ मनापासून हसला. मीही हसलो, आणि नंतर त्याच शेठशी बॅगेच्या एका चेनवरून उगाच हुज्जत घातली.

तिकडे टोमॅटोचा सीझन होता. मुलाला सुट्टी फक्त शनिवारी. बाकीचे दिवस आम्ही दोघं बसने हिंडायचो. तो सगळा मुलूखच जुना. रोमनांचे पूल, टेकडीवर पडके किल्ले, पायथ्याला पांढरी गावं आणि जवळपास प्रत्येक गावात एखादं संग्रहालय. मी तयारीने गेलो होतो. एक वही केली होती, त्यात कोण राजा कधी, कुठली कमान कोणाची, सगळं लिहून घेतलं होतं. ते ऐकायला भाऊ कधी नाही म्हणाला नाही. ऐकायचा, मान हलवायचा, आणि वळून कोपऱ्यातला एखादा गंजका फाळ बघत बसायचा.

पहिल्या शनिवारी मुलगा आम्हाला शहरातल्या मोठ्या रोमन संग्रहालयात घेऊन गेला. तिथे एका दगडी जात्यापुढे भाऊ उकिडवा बसला आणि त्याने तळी हाताने चाचपली. रखवालदार काही बोलला नाही, पण मुलगा बोलला. "बाबा, हात नका लावू. आणि असं बसू नका इथे, लोक बघतात." भाऊ उठला. हात पाठीमागे बांधले आणि उरलेला दिवसभर तसेच बांधून चालला. मला ते दिसत होतं. मला ते बरंही वाटत होतं. आता लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो.

कारण एरवी सगळीकडे त्याचंच चाललं होतं. बसमधून भाताची खाचरं दिसली, तर हा पुढच्या थांब्यावर उतरला. मला वाटलं होतं भात काय तो आपल्याकडेच. शेतातल्या म्हाताऱ्याशी हा खाणाखुणांनी अर्धा तास बोलला आणि परत आला तो एक लोंबी आणि काखेत खरबूज घेऊन. मी पाटी वाचून जे सांगायचो ते कोणालाही वाचता आलं असतं. हा जे बघायचा ते मला दिसतच नव्हतं. बोलायला मी आलो होतो आणि लोक बोलत होते त्याच्याशी.

ते खेडं आम्ही एका बुधवारी गाठलं. संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेच्या दोन खोल्या. गावातल्या लोकांनी घरं बंद करताना दिलेल्या वस्तू: नांगर, जू, मापं, पेटारे. सांभाळणारी बाई निवृत्त शिक्षिका. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, अडखळत पण पुरेसं. आम्ही गेलो तेव्हा ती पिसांच्या झटकणीने धूळ झाडत होती.

भिंतीवर एक हातभर लांबीची लाकडी पट्टी टांगलेली. एक टोक जड, दुसऱ्या टोकाला भोक, मध्ये एक खाच. खालची चिठ्ठी मी फोनवर भाषांतर करून वाचली. उपयोग माहीत नाही, असं लिहिलं होतं. मी भावाला म्हटलं, बघ, यांनाच यांचं कळत नाही.

"दोर वळायचं हाय ना हे," तो म्हणाला. "दांडा हरवलाय याचा, बस."

मी ते बाईला सांगितलं. ती बघतच राहिली आणि मग तिने स्वतः ती पट्टी भिंतीवरून काढून त्याच्या हातात दिली. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, हात लावू का, असं. मग बाईच्या हातातली झटकणी मागून घेतली, तिचा दांडा भोकातून घातला, कोपऱ्यातल्या गोणपाटाचे धागे उसवून खाचेत बांधले. हे काम दोघांचं. एकाने पट्टी गरागरा फिरवायची, दुसऱ्याने धागे पुरवत मागे मागे सरायचं.

"दादा, तू फिरव," तो म्हणाला.

मी फिरवली. दोनदा मनगटावर आपटली, तिसऱ्यांदा धागा तुटला. तो चिडला नाही, फक्त हसून बाईला खूण केली. बाईने दांडा धरला आणि तिला पहिल्याच फटक्यात जमलं. तो मागे सरत गेला, खोलीच्या दारापर्यंत, आणि त्यांच्यामध्ये दोर तयार होत गेला. मी भिंतीला लागून उभा होतो. मनगट दुखत होतं. त्या क्षणी मला तो नको होता. तिथे नाही, कुठेच नको होता.

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिच्या वडिलांनी ही पट्टी ठेवून दिली होती म्हणे आणि कशाची ते सांगायच्या आधी ते गेले. तिने कपाटातून एक कागद आणला. वस्तू कोणी ओळखली, त्याचं नाव, पत्ता आणि ईमेल लिहायचा होता.

आमच्या कंपनीत माल बाहेर जाताना त्यावर टॅग लागतो. माप घेतो ऑपरेटर, मशिनपाशी उभा राहून. टॅगवर 'तपासले' असं लिहिलेलं असतं आणि त्यापुढे सही ऑफिसरची. ऑपरेटरचं नाव कुठेच येत नाही. इतकी वर्षं मी अशा सह्या केल्या, त्यात कोणालाच वावगं वाटलं नाही. तिथेही हात सवयीने गेला, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. पेन टेकवून मी थांबलो होतो. भावाकडे पाहिलं. तो दोराच्या टोकाला गाठ मारत होता. मग मी माझं नाव लिहिलं.

बाई पुढे म्हणाली, शनिवारी या. गावातली म्हातारी माणसं इथे जमतात, शाळेतली मुलंही बोलावते, यांनी सगळ्यांना करून दाखवायला हवं. मुलगा इथेच नोकरीला आहे, हे मी आधी बोललो होतो. ती म्हणाली, मग त्यालाही आणा. त्याने हे बघायलाच हवं.

"काय बोलते बाई?" भावाने विचारलं.

"बंद करायची वेळ झाली म्हणते."

"एवढं लांब बोलली ती."

"इंग्रजीत लांबच लागतं."

त्याला ते पटलं. मी सांगितलेलं त्याला नेहमीच पटतं. निघताना बाईने त्याचे दोन्ही हात हातात घेऊन पुन्हा शनिवारचंच काहीतरी म्हटलं. त्याला वाटलं निरोप घेतेय. तो मान हलवत "हो, हो" म्हणाला. तिला वाटलं येतोय.

शनिवारी मुलगा आम्हाला शहरातल्या मॉलमध्ये घेऊन गेला. बापासाठी बूट बघत होता. भाऊ सरकत्या जिन्याशेजारी बाकावर बसला होता, हात मांडीत घेऊन. मी घड्याळात बघत होतो. अजून वेळ होता. टॅक्सीने गेलो असतो तरी पोचलो असतो. मी कॉफी आणायला गेलो.

परतीच्या विमानात तो खिडकीतून बघत होता. मग म्हणाला, "पोराचं बरं चाललंय. आपन तिकडं काय कामाचे नाय, तेवढं समजलं." मी त्याला पट्टा नीट लावून दिला.

चार महिन्यांनी बाईचा मेल आला. सोबत फोटो. पट्टी पुन्हा भिंतीवर, शेजारी तो दोर आणि खाली नवी चिठ्ठी: दोर वळण्याचं साधन, ओळख पटवणारे, पुढे कागदावर मी लिहिलेलं माझं नाव आणि भारत. खाली तिने लिहिलं होतं की त्या शनिवारी सगळे दुपारपर्यंत थांबले, तुमच्या भावाची तब्येत बिघडली होती का? ते वाचायच्या आधी, फक्त नाव बघून, मला आनंद झाला होता. चांगला खराखुरा आनंद. ते कबूल करायची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

वाडीवर तो सगळ्यांना सांगत असतो, दादा होता म्हणून मी एवढं बघितलं. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. मुलगा कधीपासून म्हणतोय शेती सोडा, बदलापूरला फ्लॅट घेऊ. इतकी वर्षं हा ऐकत नव्हता. आता म्हणाला, "मना पन वाटतं, सोडावी. पोराच्या नजरेत शेतीची काय किंमत नाय. तू शिकलेला हायस दादा, तू सांग." मी म्हटलं, विचार करून सांगतो.

विचार असा केला की आधी बाईला लिहिलं. ओळख मी पटवली नाही, माझ्या भावाने पटवली, आणि तुमचं बोलावणं मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्याचं पूर्ण नाव लिहून पाठवलं. तिचं उत्तर दोन ओळींचं होतं. चिठ्ठी बदलते, असं लिहिलं होतं. माझ्याबद्दल एक शब्द नव्हता.

मुलगा दिवाळीला येतोय. त्या शनिवारी त्याच्या बापाला बोलावलं होतं, मुलासकट बोलावलं होतं, आणि मी ते जळून दाबून ठेवलं. भावाने शेतीचं काही ठरवण्याआधी, त्या दोघांना समोरासमोर बसवून हे सांगण्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.