रिकाम्या द्रावणातलं अमिनो आम्ल

मोजणीच्या छोट्या काचपात्रात, म्हणजे सेलमध्ये, नुसतं बफर होतं, म्हणजे आम्लता कायम ठेवणारं द्रावण. तरी रेकॉर्डरच्या पेनानं कागदावर उंचवटा काढला. तिसऱ्यांदा.

ऐंशीच्या दशकात मी गुलबर्ग्याला पीएचडी करत होते. तुरीच्या डाळीतली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, मोजणारा इलेक्ट्रोड मी बनवला होता. ग्राफाइटची पूड पॅराफिन तेलात मळून नळीत भरायची. त्यात तांब्याचं संयुग मिसळलं की अमिनो आम्ल भेटताच करंट वाढतो आणि कागदावर उंचवटा उमटतो. शोधनिबंध टाइप होऊन गाइडच्या टेबलावर होता.

गाइड सीमाभागातल्या भालकीचे. माझ्याशी मराठीतच बोलत.

"थोडंसंच हाय की. वजा कर आन् पाठवू."

"सर, रोज येगळं यायलंय. किती वजा करू?"

"मग मल्लप्पा भांडी नीट धुवंना झालाय. त्याला स्टोअरला पाठवतो."

अटेंडर मल्लप्पा दारातच उभा होता. सर गेल्यावर म्हणाला, "अक्का, तीन-तीनदा धुतलोय मी."  पण सरांसारखा मलाही त्याचाच संशय होता.

सरांकडून आठ दिवस मागून घेतले. भांडी स्वतः धुतली. पाणी बदललं, ग्राफाइट बदललं. उंचवटा गेला नाही. मग एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी तो नसायचा, दुपारी यायचा. उष्णतेनं येत असेल म्हणून सेलभोवती बर्फ ठेवून पाहिला. तरी आला. सेल गार होता. एप्रिलच्या उन्हात मी मात्र घामानं निथळत होते.

इलेक्ट्रोडचं तोंड दर वेळी कागदावर घासून गुळगुळीत करावं लागतं. तो कागद मी डाव्या हातानं दाबून धरायची. निनहायड्रिन नावाचं रसायन अमिनो आम्लावर जांभळं होतं. ते कागदावर फवारलं, कागद जरा गरम केला. जांभळी बोटं उमटली. अंगठ्याच्या ठशात आडवी रेघ होती. माझ्या गावी, औरादला, ज्वारी काढताना विळा लागला होता, त्याचा वण.

तो कागद मी मल्लप्पासमोरच सरांना दाखवला. "भांडी स्वच्छ होती, सर. माझ्या घामातलं अमिनो आम्ल हाय हे." मल्लप्पाची माफी मागितली. तो म्हणाला, "चालतंय अक्का." पण दोन दिवस चहा विचारला नाही.

सरांनी शोधनिबंध परत माझ्या हातात दिला. "सगळी रीडिंग पुन्हा घे."

घेतली. कागद चिमट्यानं धरून, तीन महिने. आधीचे आकडे बरेच खाली आले. निबंध छापला गेला, पण निम्म्या दाव्यानिशी. इलेक्ट्रोड पहिल्यापासून खरंच सांगत होता. अमिनो आम्ल होतंच, फक्त तुरीचं नव्हतं. आता माझ्याकडे नवीन विद्यार्थी आला की मी त्याला भांड्यांच्या आधी हात धुवायला लावते.