छतातली कडी

मी आज जो कोणी आहे तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे आहे. आम्ही तिला आक्का म्हणतो. हे सगळ्यांत आधी लिहून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते वाचताना मी कुणाशी असा वागलो हे माहीत असायला हवं.

आमच्या वस्तीवर शाळा चौथीपर्यंतच होती. आक्काचं सासर कन्नडजवळच्या गावात, आणि तिथून हायस्कूल चालत जाण्याजोगं. पाचवी ते दहावी मी तिच्या सासरी राहून शिकलो. भावानं बहिणीच्या दारी लुगडं-चोळी घेऊन जायचं असतं, मी दप्तर घेऊन गेलो. तिची सासू आल्यागेल्याला सांगायची, "बाया माहेरून हंडा-कळशी आणत्यात. आमच्या हिनं भाऊ आणलाय." आक्का हे ऐकत चुलीत फुंकर घालत राहायची.

राहायला जागा नव्हती, म्हणून तिनं ओसरीच्या एका कोपऱ्याला दोन गोणपाटं शिवून आडोसा केला. भिंत पांढऱ्या मातीनं सारवली. खुरप्यानं भिंत कोरून पुस्तकांसाठी कोनाडा केला आणि त्याच्या वर कपड्याच्या निळीनं दोन राघू काढले. म्हणाली, "एकट्याला करमायचं नाय, अभ्यासाला जोडीदार असू दे." सासू म्हणाली, "नवरदेवाची खोली सजविली का गं?" त्या कोपऱ्यात मी सहा वर्षं शिकलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर त्या गोणपाटाआड तयार झाला.

आता माझ्या घराबद्दल सांगतो.

शहरातल्या कारखान्यात नोकरी लागली, लग्न झालं, गारखेडा भागात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि हॉल असा फ्लॅट घेतला. ताबा मिळाला त्या दिवशी लहान खोलीच्या छताला, पंख्याच्या हुकापासून हातभर दूर, आणखी एक जाड लोखंडी कडी दिसली. मी बायकोला म्हणालो, "ही बघ, पाळण्याची सोय." ती लाजली. म्हणजे कडी मला माहीत होती. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, आणि माझा अर्धा राग त्याचाच आहे.

बायकोला दिवस गेले तेव्हा दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. तिच्या माहेरी, बीडकडे, प्यायच्या पाण्याचे हाल. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिची आईच फोनवर म्हणाली, "इकडं आणू नका. बाळंतिणीला न्हाऊ घालायला पाणी कुठून आणू?" आमच्याकडे तरी काय होतं? नळ आठवड्यातून एकदा, बाकी टँकर. आणि त्याच दिवसांत शहर वेड्यासारखं वाढत होतं. आमच्या पुढची शेतं संपून तिथं इमारती उभ्या राहत होत्या. रस्त्याकडेच्या मोठ्या फलकावर निळ्याशार पोहण्याच्या तलावाचं चित्र, आणि त्याच फलकाच्या सावलीत टँकरची वाट बघत बसलेल्या बाया, पुढे प्लास्टिकचे ड्रम. मी रोज त्या फलकाखालून कामावर जायचो. चीड यायची. पण घरी येऊन मीही तेच करत होतो, फक्त माझा फलक घराच्या आत होता.

झालं असं की बायकोनं एकदा मोबाइलवर एक फोटो दाखवला. छतावर ढग रंगवलेली बाळाची खोली. "किती छान ना," एवढंच ती म्हणाली. मी मात्र ते धरून बसलो. कारखान्यातल्या साहेबांच्या घरी मी तशी खोली पाहिली होती. आपण गोणपाटाआड वाढलो, आपल्या लेकराला तरी ढग मिळू देत, असं काहीसं डोक्यात शिरलं. क्रांती चौकात दुसऱ्या मजल्यावर एका सजावटवाल्याचं ऑफिस होतं. तिथं गेलो.

हा मनुष्य तिशीचा, बोलायला गोड. आला, टेपनं खोली मोजली, मान हलवली.

"सर, ये छत नहीं चलेगा. एकदम सरकारी दवाखाना वाटतोय. आपण खाली पीओपीचं दुसरं छत घेऊ, त्यात ढग, आत लाइट. भिंतीला जिराफ. बाळ एकदम खूश."

"बाळाला जिराफ कळेल का?"

"सर, बाळाला नाही, फोटोला कळतो."

मी हसलो. तेव्हाच त्याला दार दाखवायला हवं होतं. त्याऐवजी महिन्याभरात खोलीत ढग आणि जिराफ आले.

बाल्कनी जेमतेम दोन पाट मावतील एवढी. तिला तो 'बाहेरची बैठक' म्हणायचा. खाली प्लास्टिकची हिरवळ, कोपऱ्यात मोटरवर चालणारं इवलंसं कारंजं, आणि एका भिंतीवर खालपासून वरपर्यंत कापडी खिसे, प्रत्येक खिशात एक रोप. शहरात हिरवळ राहिली नाही, म्हणून ती भिंतीला टांगायची. या भिंतीला रोज दोन बादल्या पाणी लागायचं. टँकरचं पाणी. मी स्वतः ते मगानं घालायचो. हिशेब कळत नव्हता असं नाही. झाडं सुकली तर पाहुण्यांसमोर वाईट दिसेल, एवढंच कळत होतं.

आठव्या महिन्यात आक्का आली. एसटीच्या टपावर पाळणा घेऊन. सागवानी, कातीव गजांचा, चार साखळ्यांचा, वर दोन लाकडी राघू टांगलेले. राघूंच्या चोची पोरांनी चावून चावून बोथट झालेल्या. तिच्या सासरच्या भावकीत हा पाळणा घरोघर फिरतो. कुणी विकत घेत नाही, कुणाचा म्हणून नसतो. ज्या घरात लेकरू यायचं त्या घरी तो जातो आणि लेकरू चालायला लागलं की पुढं जातो. माझ्यासाठी तो पहिल्यांदा भावकीबाहेर आला होता. त्यासाठी तिनं कुणाकुणाचं काय ऐकून घेतलं असेल ते तिनं सांगितलं नाही.

"उलटा ठेव भिंतीला टेकवून," ती म्हणाली. "लेकरू येईस्तवर टांगायचा नाय. रिकामा हलवायचा तर मुळीच नाय. बाराव्या दिवशी मी येते. आत्या हाय मी तिची, नाव मीच ठेवणार."

"तिची? मुलगीच कशावरून?"

"मला कळतंय. तू तुझी नोकरी कर."

ढगांकडे बघून ती म्हणाली, "चांगलंय रं. पण पाऊस पडंल का ह्यातून?" आणि पदर तोंडाला लावून हसली. मला तेव्हा ते हसू टोचलं. खेडवळ वाटलं. हेही लिहून ठेवतो.

ती गेल्यावर दोन दिवसांनी सजावटवाला आला. पाळणा बघून त्याचे डोळे चमकले.

"सर! हा पीस कुठून मिळाला? एकदम अँटिक! पण खोलीत नको, थीम बिघडते. आणि टांगणार कुठं? पीओपी वजन घेत नाही."

"वर कडी आहे ना."

"ती तर झाकली, सर. आता छत फोडणार का? एक काम करू. हा बाल्कनीत टांगू आणि त्यात कुंड्या ठेवू. लोक विचारतील, कुठून सुचलं!"

मी "हं" म्हणालो. एक अक्षर. बायको आतून म्हणाली, "अहो, आक्कांना विचारा आधी." मी म्हणालो, "बाळ आलं की काढू." त्यानं बाल्कनीच्या जाळीला साखळ्या अडकवल्या. ज्या पाळण्यात पिढ्यान्‌पिढ्या लेकरं निजली त्यात सहा कुंड्या बसवल्या. मी रोज सकाळी त्यात पाणी घालत होतो. वाऱ्यानं तो हलायचा. मी त्याचा फोटोही काढला होता.

मुलगी झाली. पाचव्या दिवशी पाचवीची पूजा असते, तिला आक्का आली. हात-पाय धुतले, तेही एका तांब्यात. बाळाला मांडीवर घेतलं, नाक बघितलं, कान बघितले. "नाक आपल्याकडचं. बिचारीचं नशीब," म्हणून हसली. मग विचारलं, "पाळणा कुठंय?"

मी बाल्कनीकडे बघितलं. आक्का उठून खोलीत गेली, तिथून बाल्कनीत गेली. मी मागे गेलो तर ती एकेक कुंडी उचलून प्लास्टिकच्या हिरवळीवर ठेवत होती. सगळ्या काढून झाल्यावर पदरानं आतला चिखल पुसू लागली. खालच्या फळीचं लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं.

"आक्का, ते फक्त शोभेसाठी..."

"व्हय, दिसतंय."

"बाळ आलं की काढणारच होतो."

"आलं की बाळ. पाच दिस झाले." मग तिनं हिरव्या भिंतीकडे बघितलं. "ह्याला रोज पाणी घालतो?"

"हो."

"किती?"

कोपऱ्यात दोन बादल्या आणि मग तसाच होता. तिला दिसत होतं.

"आमच्याकडं दोन बादल्यात धुणं, भांडी अन् गाय बसती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "माझी सासू तुला लई बोलायची. पण तुझ्या कोपऱ्यात तिनं कधी पायताण ठेवलं नाय."

तिनं पूजेचं सगळं केलं, बायकोला मालिश कशी करायची ते दाखवलं, आणि चारच्या बसला निघाली. मी म्हणालो, "बाराव्याला न्यायला येऊ का?"

"नको. लेकीचं नाव तुझ्या त्या ढगवाल्याला ठेवाय सांग."

"मग पाळणा..."

"पाळणा माझा नाय. लेकराचा हाय. राहू दे."

त्यानंतर तिनं फोन घेतला नाही. दाजी घ्यायचे आणि म्हणायचे, "कामात हाय ती." दाजी खोटं बोलत नाहीत, म्हणून त्यांची अडचण मला कळत होती.

मला प्रचंड राग आला होता. सजावटवाल्याचा आला, कारण त्याला त्या पाळण्याचं काही माहीत नव्हतं आणि त्यानं विचारलंही नाही. फलकावर तलाव रंगवणाऱ्यांचा आला. साहेबांच्या घराचा आला. पण यांपैकी कुणीही आक्काच्या ओसरीवर वाढलं नव्हतं. पाळणा उलटा ठेव असं तिनं मला सांगितलं होतं, त्यांना नाही. मी शिकलो आणि शिकून लाज वाटून घ्यायला शिकलो. राग कितीही इकडेतिकडे फिरवला तरी परत येऊन माझ्याच दारात बसायचा.

रविवारी सकाळी सजावटवाल्याला फोन केला. "ती कडी नक्की कुठं आहे?"

"कोणती कडी, सर?"

"छतातली. तुम्ही झाकलेली."

"सर, ऐका, हात लावू नका. पूर्ण ढग खाली येतील. गॅरंटी जाईल."

"जाऊ द्या," म्हणून मी फोन ठेवला.

बाळ-बाळंतिणीला दुसऱ्या खोलीत नेलं, दार बंद केलं, फटीला ओली चादर लावली. स्टुलावर चढून हातोडीनं पहिला घाव मधल्या मोठ्या ढगावर घातला. माझ्या डोक्यावर, डोळ्यांत पांढरी पूड. बायको दाराबाहेरून ओरडली, "अहो, काय करताय?" मी म्हणालो, "पाऊस पाडतोय." ती हसली की रडली ते दारामुळे कळलं नाही. चौथ्या ठिकाणी कडी सापडली. थोडी गंजलेली, पण स्लॅबात पक्की. मी दोन्ही हातांनी तिला लोंबकळून बघितलं. हलली नाही.

संध्याकाळपर्यंत हिरवी भिंत उतरवली. रोपं जवळच्या शाळेच्या आवारात दिली, तिथं विहिरीला थोडं पाणी होतं. पाळणा धुतला नाही, ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवला. मग टांगला. जिराफाच्या नाकासमोर.

बारशाला चार दिवस उरले होते. टपालावर भरवसा नव्हता, म्हणून पत्र कन्नडच्या बसच्या कंडक्टरकडे दिलं. तो दाजींच्या गावचा. आक्का चौथी शिकलेली, पत्र मोठ्यानं, बोट ठेवून वाचते. कॉलेजात असताना मी तिला महिन्याला एक पत्र लिहायचो आणि आक्का ती पत्रं माझ्या कोनाड्यात ठेवायची. नोकरी लागल्यापासून मी तिला एकही लिहिलं नव्हतं.

हे ते पत्र.

तीर्थस्वरूप आक्का,

नमस्कार. फोन घेत नाहीस म्हणून लिहितो. माफ कर असं लिहिणार होतो, पण ते लिहायला सोपं आहे म्हणून आधी काय केलं ते सांगतो.

ढग फोडले. घरभर पूड झाली, अजून निघते आहे. कडी जागेवर होती. मी स्वतः लोंबकळून बघितली. माझं वजन आता तुला माहीत आहे, तेव्हा बाळाची काळजी नको. छताला भोक पडलंय, ते मी बुजवणार नाही. भिंतीवरची झाडं शाळेत दिली. ते पाणी आता लेकीच्या अंघोळीला होतं.

पाळण्याची खालची फळी एका कडेला फुगली आहे. गावात येईन तेव्हा भावकीसमोर मीच सांगेन की ती माझ्यामुळे फुगली. तू काही सांगू नकोस. तुझ्या सासूबाई काय म्हणतील ते मी ऐकून घेईन. सहा वर्षं तू ऐकलंस.

तुझे निळीचे राघू अजून भिंतीवर आहेत का ते मागच्या वेळी मी बघितलंही नाही. बाळाच्या खोलीत तसे दोन काढून हवेत. नीळ आणून ठेवली आहे. मला जमत नाही, मी एक काढून बघितला, तो कावळा झाला.

बाराव्याला सकाळच्या बसने मी न्यायला येतो आहे. तू दार उघडलं नाहीस तर ओसरीवर बसेन, मला तिथली सवय आहे. तुझ्याशिवाय बारसं होणार नाही. लेकीचं नाव आम्ही कुणीही अजून घेतलं नाही, मनातसुद्धा ठरवलं नाही. तिला नुसतं बाळ म्हणतो.

पाळणा टांगला आहे, पण आत कुणी नाही. रिकामा हलवायचा नाही असं तू सांगितलं होतंस आणि खिडकीतून वारा येतो. म्हणून तो सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधून ठेवला आहे. सुतळी तू येऊन सोड.

तुझ्या ओसरीवरचा