कानांप्रमाणे खुर्च्या

"हुद्द्याप्रमाणे!" सासऱ्यांनी टेबलावर हात आपटला. "यंदा जनरलसाहेब येतायत. खुर्च्या हुद्द्याप्रमाणेच लागणार."

"लाव की," सासूबाई बटाटे सोलत म्हणाल्या. "मग मारामारी सोडवायलाही तूच जा."

"मारामारी? तोफचींची रक्षणकर्ती संत बार्बरा, तिच्या दिवशी? तोफखान्याच्या वार्षिक जेवणात?"

"हर्बर्ट, तीस वर्षं कोण कुठे बसणार याची यादी मी करतेय."

"तू टाइप करतेस. ठरवते कमिटी."

सोललेला बटाटा पाण्यात जरा जोरातच पडला.

माझ्या सासूबाई, एडना, रेजिमेंटच्या वसाहतीतच जन्मल्या. वडील तोफखान्यात, नवरा तोफखान्यात. चौदा वेळा बिऱ्हाड हलवलं आणि प्रत्येक वेळी पडदे आखूड पडले. जवळच्या लार्कहिलच्या माळावर तोफांचा सराव सुरू झाला की कपाटातल्या बशा किणकिणतात. त्यावरून तोफ कुठली, ते त्या सांगतात. रेजिमेंटच्या जाडजूड इतिहासात मात्र त्यांचं नाव नाही. कमिटीवर बायका नसतात.

त्या यादीतली खुबी त्यांनाच ठाऊक. तोफेच्या डावीकडे उभं राहून नोकरी केलेल्याचा उजवा कान जातो, उजवीकडच्याचा डावा. कुणाचा कुठला गेलाय, सासूबाईंना पाठ. दोस्तांचे शाबूत कान समोरासमोर; ज्यांचं पटत नाही त्यांचा बहिरा कान बहिऱ्या कानाला. पास्को आणि ट्रँटर या दोन जुन्या तोफचींचं भांडण एकाहत्तर सालचं: तोफ दलदलीत घातली कुणी? तीस वर्षं दोघं शेजारी बसून, एकमेकांना शिव्या घालत, शांतपणे जेवले.

यंदा हुद्द्यापायी त्यांच्या खुर्च्यांची अदलाबदल झाली. सासूबाईंनी सूप वाढलं आणि पास्को नेहमीसारखा पुटपुटला, "दलदलीतला बेडूक."

ट्रँटरने चमचा ठेवला. "काय म्हणालास?"

"तुला ऐकू आलं?" पास्को चाटच पडला.

"आलं! आणि तोफ तू घातलीस!"

बघता बघता दोन तट पडले. जनरलसाहेब "छान, छान!" म्हणत होते, त्यांचे दोन्ही कान गेलेले. तेवढ्यात ट्रँटरने फेकलेला पाव सभागृहातल्या जुन्या तोफेवर आपटला. तोफखान्याला वेगळा झेंडा नसतो, तोफ हाच झेंडा. सगळे गार.

सासूबाई एप्रनला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "पास्को, तू इकडे. ट्रँटर, त्याच्या खुर्चीत. बसा." दोघं मुकाट बसले आणि पुडिंगपर्यंत पुन्हा सुखाने पुटपुटले.

घरी आल्यावर सासरे बूट काढता काढता म्हणाले, "बरं, पुढच्या वर्षी तूच कर यादी."

"करीन. सेक्रेटरी म्हणून," सासूबाईंनी आम्हा सगळ्यांना सांगून टाकलं. "कमिटीत नाव घाल माझं. आणि सेक्रेटरी टेबलाशी बसून जेवते. सूप तू वाढायचंस."