शून्याचा आलेख

ईस्ट टामाकीतल्या आमच्या पॅकेजिंगच्या कारखान्यात जगदीश मोघे क्वालिटी मॅनेजर आहेत. मूळचे पुण्याचे, आता इथे परदेशात स्थायिक. मी त्यांच्या हाताखाली इंजिनिअर, आणि एका गाडीतून येत-जात असल्यामुळे त्यांना काका म्हणणारा.

दर नोव्हेंबरात काका आठवडाभर रजा काढून एका आखाती देशात जायचे. तिथे सरकारचा गुणवत्ता पुरस्कार असतो. बँका, नगरपालिका, हॉस्पिटलं त्यासाठी अर्ज करतात आणि त्यांना तपासायला परदेशातून असेसर येतात. मानधन नाही, फक्त तिकीट आणि हॉटेल.

"रजा काढून लोकांचे पेपर तपासायला जाणारा हा जगात एकटाच," वसुंधराकाकू म्हणायच्या. "घरातला नळ गळतोय, त्याला कधी गुण देणार?"

"नळाची पद्धत उत्तम आहे," काका म्हणायचे. "अंमलबजावणी कमी पडते."

पुरस्काराचे निकष मी त्यांच्याकडूनच शिकलो, डबा खाता खाता. कामाची काही पद्धत आहे का? ती सगळीकडे वापरतात का? चुकलं तर त्यातून शिकतात का? आणि आकड्यांत ते दिसतं का? "पण खरी परीक्षा कॉरिडॉरमध्ये," ते सांगायचे. "साहेब दाखवतात ते बघायचं, आणि जाता जाता भेटेल त्याला थांबवून विचारायचं."

२०१५ साली त्यांच्या टीमकडे एक हॉस्पिटल आलं. सादरीकरणात एक आलेख होता, पेशंट पडल्याच्या घटनांचा. तीन वर्षं शून्य. तळाला चिकटलेली सपाट रेषा. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात कुणीच पडत नाही, हे काकांना पटलं नाही.

वॉर्डात त्यांनी एका नर्सला थांबवलं. हॉस्पिटलचा एक अधिकारी कायम त्यांच्या सोबत असायचा, तेव्हाही होता. नर्सनं हॉस्पिटलचं ध्येयवाक्य इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवलं. बिल्ल्यावर नाव होतं कांचन. काकांच्या तोंडून निघून गेलं, "कुठल्या तुम्ही?"

"सांगलीची, सर." तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग तेच हसू ठेवून, ध्येयवाक्य म्हटलं त्याच सुरात ती बोलत राहिली. "सर, हसत हसत ऐका. या वर्षी माझ्याच वॉर्डात तिघं पडली. त्यातल्या एक आजी गेल्या. नोंद करायची नाही असं सांगितलंय. माझं नाव घेऊ नका, नोकरी जाईल."

"अरे वा," काका हसत म्हणाले.

अधिकाऱ्यानं विचारलं, काय म्हणतेय? आमची गावाकडची ओळख निघाली, असं काकांनी इंग्रजीत सांगितलं.

संध्याकाळी सगळे असेसर गुण ठरवायला बसले. काका म्हणाले, त्या शून्यावर माझा विश्वास नाही. टीमप्रमुखानं पुरावा विचारला. एका कर्मचाऱ्यानं सांगितलं, काका म्हणाले. कुणी? ते सांगता येणार नाही. मग त्या एका मुद्द्याचे गुण थोडे कमी झाले, आणि अहवालात काकांचं एक वाक्य गेलं: पडण्याच्या घटना नोंदवायला कर्मचारी कचरतात असं जाणवलं. वॉर्ड नाही, नाव नाही. वाक्य त्यांनी तीनदा वाचून मगच दिलं होतं.

अहवाल हॉस्पिटलला जातो. त्यांनी सुधारावं म्हणूनच तो असतो.

फेब्रुवारीत आम्ही कारखान्याच्या कॅफेटेरियात डबा खात होतो. काकांनी फोन बघितला आणि माझ्यापुढे सरकवला. कांचननं इंटरनेटवर त्यांचं नाव शोधून निरोप पाठवला होता. "सर, मी सांगलीला परत आले. अहवाल आल्यावर त्यांनी चौकशी केली, असेसरशी अधिकाऱ्याला न कळणाऱ्या भाषेत कोण बोललं होतं. तुम्ही नाव घेतलं नाहीत, मला माहीत आहे. एकच विचारायचं होतं. हॉस्पिटलला पुरस्कार मिळाला का?"

काकांनी उरलेली पोळी संपवली. मग टाइप केलं, "हो."

"काका, अजून काहीतरी लिहा ना," मी म्हणालो. "सॉरी तरी म्हणा."

"त्यानं काय होईल?"

तिकडून जोडलेल्या हातांचं चित्र आलं. काकांनी फोन खिशात टाकला, डबा विसळला आणि मशीनकडे गेले. दुपारभर त्यांनी खोक्यांची जाडी मोजली. रोजच्यासारखीच, बरोबर.

पुरस्कारवाल्यांचं बोलावणं अजूनही येतं. काका नाही म्हणून कळवतात. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी घरातला नळ दुरुस्त केला.

मागच्या महिन्यात आमच्याकडे पॅकिंगला सिद्धी नावाची मुलगी लागली. पहिल्या दिवशी तिनं काकांचं आडनाव वाचलं आणि सगळ्यांसमोर आनंदानं म्हणाली, "अय्या, सर, तुम्ही मराठी?"

"यस," काका म्हणाले. मग हातमोजे कुठे ठेवलेत ते त्यांनी तिला इंग्रजीत सांगितलं.

माझ्याशीही ते गेटच्या आत इंग्रजीच बोलतात. संध्याकाळी गाडीचं दार लावून घेतात, पट्टा बांधतात, आणि मग विचारतात, "काय रे, डब्यात काय होतं आज?"