हिराआत्याचा अंगठा

हिराआत्या गेल्याचा फोन पारनेरहून आला तेव्हा मी केडगावच्या माझ्या औषधांच्या दुकानात होतो. शटर ओढलं आणि निघालो. वाटेत रडू आलंच, पण खोटं कशाला सांगू, मध्येच हसूही आलं... तिचा अंगठा आठवला.

आत्या एकटी राहायची. जन्मभर मातीत राबून तिच्या तळहातांची कातडी कोरडीठाक पडली होती, बोटांना भेगा. रेशनच्या मशीनवर अंगठा काही उमटेना. दोन महिने ती रिकामी पिशवी घेऊन परतली. धान्याचं दुःख कमीच. "सारं गाव मला वळखतं, अन् ते डबडं म्हनतं ही हिराबाई न्हाईच," हे तिला लागलं होतं. मी पडलो औषधवाला, म्हणजे शहाणा. जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या, रोज एक घे म्हणालो, कातडी आतून मऊ होते. तिसऱ्या महिन्यात तिचा फोन आला, "उमटला रं." झालं. पुढे कितीतरी दिवस मी गिऱ्हाइकांना आत्याचा अंगठा सांगून त्या कॅप्सूल खपवल्या.

एकदा ती स्वतःच दुकानात आली. तिच्यादेखत मी एका बाईंपुढे तेच पुराण लावलं. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी कुटं गिळल्या? सुईनं टोचून त्यातलं तेल हाताला चोळलं. जवसाची चटनी तर जलमभर खाते मी. खाऊन भागलं आसतं तर भेगा पडल्या आसत्या का?"

मी पुरता कानकोंडा झालो. नंतर चरफडत ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पोटातून घेऊन एखाद्याला थोडाफार फरक पडतही असेल, पण खात्री कुणी देऊ नये. आधी वरून तेल, मलम लावावं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं मला चारचौघांत चीत केलं होतं, आणि मला मात्र तिचा भलताच अभिमान वाटत होता. तेव्हापासून दुकानात मी गिऱ्हाइकाचे हात आधी बघतो, डबी नंतर काढतो.

दहाव्याला रेशन दुकानदार भेटला. म्हणाला, "मावशीचा अंगठा शेवटपत्तर पहिल्या दणक्यात यायचा. आता साऱ्या गावच्या बाया तेल चोळूनच येत्यात. मशीन पुसायला मला फडकं ठेवावं लागतंय."